बांधातल्या घुशी

आमच्या भावकीत एकच घर एकोप्यानं नांदत होतं, आणि ते घुशींचं होतं. माणदेशातल्या आमच्या रानाच्या सामाईक बांधात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. बांधाच्या अलीकडं वडिलांचं रान, पलीकडं काकांचं. दोघं सख्खे भाऊ, पण बांध वीतभर कुणाचा, यावरून सात वर्षं अबोला. घुशींना त्याचं काय! त्या दोन्ही रानांतली कणसं न्यायच्या आणि सासवा, सुना, जावा गुण्यागोविंदानं खायच्या.

लढाईचा काळ. पाऊस नाही, आणि होती ती ज्वारी सरकारनं लेव्हीच्या सक्तीच्या वसुलीत नेलेली. थोरली बहीण बाळंतपणाला आलेली अन् घरात दाणा नाही. ओल्या बाळंतिणीला नुसत्या पाल्याच्या भाजीवर ठेवलेलं, तान्ह्याला दूध पुरेना. असल्या वर्षी आमच्याकडं लोक घुशींची बिळं उकरत, आतल्या साठ्यावर आठवडा निघायचा. आईनं वडिलांच्या हातात कुदळ दिली.

हातभर खोल गेल्यावर कणसंच कणसं लागली. तेवढ्यात काका हजर. बोलायचं तर नाही, म्हणून ते आईलाच म्हणाले, वैनी, त्याला सांगा, माल माझ्या रानातला हाय. वडीलही आईलाच म्हणाले, त्याला सांग, माझ्या रानातला. कणसं ओळखावीत, तर दोघांचं बी आज्याच्याच कणगीतलं. आईनं विनवलं, निम्मं निम्मं घ्या. छे, मग घराण्याची अब्रू राहिली असती का! उद्या पंच ठरवतील, यावर मात्र दोघांचं झटक्यात एकमत झालं. बिळाच्या तोंडावर मोठा दगड ठेवून दोघं ताठ मानेनं घरी गेले. बिळाला मागूनही तोंडं असतात, हे दोन जन्मजात शेतकऱ्यांना सुचलं नाही.

सकाळी पंच आले, पान खाल्लं, दगड सारला. आत भुसकट. घुशींनी सगळा संसार हलवला होता, तोही भांडण न करता. पंच हसत निघून गेले. मला मात्र दोघांचा असा संताप आला की काय सांगू.

वडील बिळाशी बसून राहिले. मग सात वर्षांत पहिल्यांदा भावाकडं बघून बोलले, "पोरगी उपाशी हाय रं. तुझ्या घरात काय हाय का?"

काका खालीच बघत होते. म्हणाले, "माजी पोरंबी चार दीस पाल्यावरच हायती, दादा."