आधी बोट, मग प्रश्न

डाव्या हाताचं बोट पुढं करून ते आधी म्हणायचे, "हे बघा, माझंही कोरंच." मगच कागद काढायचे. ही सवय त्यांना माझ्या चुकीनं लागली.

ते नगरच्या कॉलेजात शिकत होते, तरी आम्ही त्यांना सरच म्हणायचो. मतदान होऊन आठवडा झालेला. तिसगावाकडून ऊस तोडायला आलेली आमची टोळी कारखान्यामागच्या माळावर, पाचटाच्या कोप्यांत राहायची. मत द्यायला कोण जाऊ शकतं आणि प्रचार कुणापर्यंत पोचतो, हे ते घरोघर विचारत होते. मी सातवीतून शाळा सोडलेला, पण टोळीत वाचता येणारा मीच एक. म्हणून मला बरोबर घेतलं. मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिले शिकलेले गृहस्थ.

मला मात्र धास्ती. मत दिलं नाही तर यादीतून नाव कापतात, असं ऐकलेलं. मी प्रत्येक कोपीत आधी शिरून सांगायचो, "दिलं म्हना."

तीन दिवस ते 'दिलं', 'दिलं' लिहीत गेले. चौथ्या दिवशी टोळीतल्या सरूमावशीनं चहाची पितळी पुढं केली आणि ते तिच्या बोटाकडं बघत राहिले. शाई नव्हती.

"तुम्हीच सांगितलंत?"

"व्हय सर. नाव कापतील म्हनून."

शिकलेला माणूस अशा वेळी कसा ओरडतो, ते तुम्हीही पाहिलं असेल. त्यांनी नुसता चष्मा काढून डोळे चोळले. "माझं गाव राजूरकडं. परीक्षेमुळं मलाही जाता आलं नाही. चला, पुन्हा पहिल्या कोपीपासून. घाई नाही."

घाई होती. संध्याकाळची एसटी रोज चुकायची आणि ते पाय ओढत चार मैल चालायचे.

पण कोरं बोट बघून माणसं बोलायला लागली. सरूमावशी म्हणाली, "जीप आल्ती. पोरांला बिल्ले वाटले. मत टाकाया गावाकडं न्यायला मातर कुनी आलं न्हाई."

"मुकादमानं सोडलं असतं?"

"त्यो म्हनला, ऊस काय मतदानाला थांबतो व्हय?"

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. जाताना म्हणाले, "सगळं लिहून झालं की वाचून दाखवायला येईन."

पुढच्या वर्षी पुन्हा मतदान आलं. आम्ही त्याच माळावर. जीप आली, कागद उधळून गेली. ते आले नाहीत. कुठं गेले, कधी कळलं नाही.

काम सुटल्यावर सरूमावशी माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं बोट पुढं केलं.

"ते काय आले न्हाईत. तू तरी लिही."

मी जीपवाल्यांचा कागद उलटा केला. तिचं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, मत दिलं नाही, गाव लांब.

मग त्याखाली माझंही नाव घातलं.