मापबाईंच्या गाळ्यातली जोडी

जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात चाळीसेक गाळे होते, पण गाडीचे धक्के जिरवणारे शॉकअप हवे म्हटलं की सगळे शेवटच्या गाळ्याकडं बोट दाखवायचे. तिथल्या बाईंना मापबाई म्हणत. आधी त्या घरी ब्लाउज शिवायच्या. नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा मशीन झाकून त्याच्या गाळ्यात येऊन बसल्या, पण शिवणाची टेप गळ्यात तशीच राहिली. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका टॅक्सीवाल्याच्या तोंडी माहितीवर जोडी दिली. बसवताना भोकंच जुळेनात. चौथ्या दिवशी त्यानं ती जोडी गाळ्यासमोर आपटली. तेव्हापासून गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या एक बोल्टही विकत नसत.

ही गोष्ट स्टोअरकीपरना ठाऊक नव्हती. औषधांच्या गोदामात तीस वर्षं काढलेला हा माणूस बसनं आला, तो सुवाच्य अक्षरातला कागद घेऊन. गाडीचं साल, मॉडेल, चॅसी नंबर, उजवीकडच्या शॉकअपची लांबी, बोल्टमधलं अंतर, सगळं ओळीनं लिहिलेलं.

मापबाईंनी कागद वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, "गाडी कुठंय?"

"घरी."

"मग तुम्ही कशाला आलात? तिला पाठवायचं."

शेजारच्या गाळ्यातला फिटर हसला. स्टोअरकीपरना राग आला, पण रागावून चालणार नव्हतं. त्यांच्या पत्नीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि परवा तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर धक्का बसता कामा नये. नेताना अँब्युलन्सनं तिचे असे हाल केले होते की, आता आपल्या गाडीतूनच येईन, पुढची सीट आडवी करून, असा तिनं हट्टच धरला होता. आणि गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळून निकामी झाले होते. वीस वर्षांचं मॉडेल, नवे बनणं केव्हाच बंद झालेलं.

ते परत गेले आणि दुपारी गाडी घेऊन आले.

मापबाईंनी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर भार देऊन हात काढला. गाडी खालीवर होत राहिली तशी त्या ओठांत मोजत होत्या. मग दुसरा कोपरा. मग गोणपाट टाकून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरल्या. बऱ्याच वेळानं आवाज आला, "डावीकडच्या दोन बोल्टांत जे अंतर आहे ना, त्याहून उजवीकडं दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आहे."

"कसं शक्य आहे? गाडी एकच."

"गाडी एक. उजवा पाय, चाक धरून ठेवणारा, तो दुसऱ्या गाडीचा. त्या मॉडेलचं माप मधल्या एका साली बदललं. तुमची नंतरची, हा पाय आधीचा. अपघात झाला होता?"

स्टोअरकीपर ताठ झाले. गाडी नवी घेतल्यापासूनचं एकूण एक काम फायलीत लावलेलं होतं. साक्षीला म्हणून त्यांनी तिथूनच पत्नीला फोन लावला.

गाडीला कधी अपघात झाला होता का, विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आठ दिवस ट्रेनिंगला गेला होतात ना, बारा वर्षांपूर्वी. मी शिकायला म्हणून काढली. रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर गेली. गॅरेजवाल्यानं दोन दिवसांत होती तशी करून दिली."

"बारा वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्हाला कळलं नाही, मग मीही विषय काढला नाही."

फोन ठेवल्यावर ते गाडीकडं पाहतच राहिले. बारा वर्षं ते तिला दर रविवारी पुसत आले होते. संसारातली एक घडी या बाईनं गोणपाटावर पडून, टेप लावून उलगडली होती. आपल्या कागदावरून जोडी घेतली असती तर डावा शॉकअप बसलाच नसता, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो कागद खिशात घातला.

आता दोन वेगळ्या सालांचे शॉकअप हवे होते, पण वागायला सारखे. मापबाईंनी मांडणीवरून सात-आठ काढले. तेल झिरपलेले बाजूला. दांडीवर नख फिरवलं, जिथं अडकलं तो बाजूला. उरलेल्यांतला एक डाव्या हाताशी, एक उजव्या हाताशी उभा केला, अंगाचा भार देऊन दोन्ही दांड्या एकदम दाबल्या आणि हात उचलले. एक भरकन वर आला. तो गेला. दुसऱ्या खेपेला एक मागं रेंगाळला. तिसऱ्या खेपेला दोन्ही दांड्या सावकाश, एकमेकींना सोडून न जाता वर आल्या आणि एकदमच थांबल्या. फिटरही हातातला पाना धरून पाहत होता. स्टोअरकीपरना वाटलं, देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी, पण हे बोलायचं कुणाशी?

"रबरं मात्र नवीच घ्या," मापबाई म्हणाल्या. "जुनं लोखंड चालतं, जुनं रबर फसवतं."

फिटरनं जोडी बसवली, चाकांची रेषा जुळवून आणली. स्टोअरकीपरनी पैसे काढायला खिशात हात घातला तर मापबाईंनी थांबवलं. पुढची सीट आडवी केली आणि म्हणाल्या, "झोपा. वहिनी झोपणार तसे. डोळे मिटा." स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. बाजारामागच्या उखडलेल्या रस्त्यावरून त्यांनी गाडी नेली. स्टोअरकीपर मणक्याकडं ध्यान लावून पडले होते. खड्डा येत होता, खाली कुठंतरी जिरत होता. पाठीपर्यंत काही पोचत नव्हतं.

"ही जोडी विकायला हरकत नाही आता," गाडी थांबवून मापबाई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी पत्नीला त्याच सीटवर निजवलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून त्यांच्या शर्टाची बाही मुठीत धरली. दुसऱ्यालाही धरून होती. तिसऱ्यानंतर तिची मूठ सैल झाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बरी झाले की त्या बाईंकडं न्या मला. मोरीचा दगड कसा होता, ते त्यांना सांगते."