जिऱ्याची पुडी

मी खानावळवाली बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पोरांची मेस चालवते. रोज दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी गोडधोड आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. पोरांना वाटतं, संध्याकाळी ताईंचे पाय दुखत असतील. पाय कसले दुखतात! पोळ्या आटोपल्या की हात धुवून, साडी बदलून मी पहिली रिक्षा धरते आणि नांदेड गाठते, कारण रविवारी आमचं लेखक मंडळ बसतं.

मंडळात आम्ही नऊ जण. एका शिकवणीवाल्याची खोली रविवारी रिकामी असते, तिथं शाळकरी बाकड्यांवर गुडघे दुमडून बसतो. आमची एक रीत आहे, ती बाहेर कुणाला सांगितली की लोक हसतात. कथा टाईप करून आणायची, वर नाव टाकायचं नाही, आणि दाराशी ठेवलेल्या फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात घालायची. आमचे गुरुजी एकेक काढून मोठ्यानं वाचतात. मग प्रत्येकानं त्या कथेबद्दल एक गोड आणि एक तिखट बोलायचं. ज्याची कथा आहे त्यानंसुद्धा! म्हणजे आपल्याच लेकराला चारचौघांत नाकं मुरडायची आणि वर चेहरा साधा ठेवायचा. कथा कुणाची हे मतं पडायच्या आत ज्याच्या तोंडावर दिसलं, त्याची कथा बाद.

ही रीत गुरुजींनीच घातली. ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळं आधी त्यांच्या कथेला सगळे ‘वा वा’ करायचे. त्यांनाच त्याचा वीट आला. माणूस चांगला आहे हो, नाही असं नाही. पण त्यांचं आणि माझं काही जमत नाही. ते ऊन म्हणाले की मी सावली म्हणते. त्यांना रडवणाऱ्या कथा आवडतात. कथेत कुणी डोळे पुसले की गुरुजी चष्मा काढतात आणि ‘हृद्य’ म्हणतात. ते ‘हृद्य’ कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर गेल्या वर्षी लातूरहून निरोप आला. तिथं एक दिवसाचा कथामेळावा होता आणि गावोगावच्या मंडळांनी आपापली एक कथा पाठवायची होती. लिहिणाऱ्यानं स्वतः माईकवर वाचायची. निरोप ऐकला आणि मी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर शिरूर अनंतपाळला वडिलांना, म्हणजे आमच्या अप्पांना फोन लावला. म्हटलं, “अप्पा, लातूरला या बरं का. मी माईकवर वाचणार आहे.”

“बरं,” अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

अप्पांचं असंच आहे. जन्मभर किराणा दुकान केलं. कपाळाला विभूती, हातात तराजू आणि तोंडाला कुलूप. माझ्या लिहिण्याबद्दल त्यांनी आजवर बरं-वाईट एक शब्द काढलेला नव्हता. नाही म्हणायला एकदा संबंध आला होता. मी सातवीत असताना वहीच्या चार पानांवर पहिली गोष्ट लिहिली आणि ती पानं दुकानात गल्ल्याजवळ विसरले. अप्पांनी त्यात गिऱ्हाइकाला जिरे बांधून दिले. मी दोन दिवस भोकाड पसरलं तर म्हणाले, “कागुद त्यो कागुदच.” विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो काही संपला नाही, म्हणून लातूरसाठी मी कथा लिहिली ती त्याच पुडीची.

माझी निवड होणार असं मी अप्पांना सांगूनच टाकलं होतं. निवड व्हायची होती अजून! दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. म्हणाली, “वन्सं, अप्पांनी नवी टोपी आणली. धोतर इस्त्रीला दिलंय. बाजारात भेटंल त्याला सांगून राहिलेत, लेक माईकवर बोलणार हाय म्हणून.” अप्पा? बाजारात? सांगून राहिलेत? मी कणकेच्या परातीतच बसकण मारायची बाकी राहिले. आता काही झालं तरी ती जागा मला पाहिजे होती.

निवडीच्या रविवारी डब्यातून दोन कथा शेवटी उरल्या. एक अंगणवाडीतल्या खिचडीची. लहान मुलगी अर्धी खिचडी डब्यात लपवून धाकट्या बहिणीसाठी नेते, अशी. दुसरी माझी. तिच्या शेवटी मी काय लिहिलं होतं? तर दुकानदार बापाला चूक कळते आणि तो रडत-रडत गावभर दारोदार फिरून पोरीच्या गोष्टीची पानं परत मागतो. लिहिताना मला स्वतःला हुंदका आला होता.

माझी पाळी आली. मी ठरवल्याप्रमाणं बेताचं तिखट बोलले, “मधे जरा लांबलीय.” गोडही बोलले. झालं असतं सगळं नीट. पण माझ्यानंतर गुरुजींनी चष्मा काढला. म्हणाले, “बाप रडत फिरतो तो शेवट काय सांगू! फारच हृद्य.”

झालं. मी ताडकन उठले.

“कसलं हृद्य, गुरुजी? खोटं आहे ते! खेड्यातला किराणा दुकानदार भर दुपारी रडत गावभर हिंडेल? मग गल्ल्यावर कोण बसेल? असा माणूस रडत नसतो. लिहिणारीला बापाकडून जे पाहिजे होतं ते तिनं कागदावर उकळून घेतलंय. पुडीपर्यंतची कथा खरी आहे, पुढं सगळी साखर!”

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, “पटलं ताई.” आणि मला एकदम घाम फुटला. अगं बये, काय बोलून बसलीस? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

मग हात वर करायची वेळ आली. पुडीच्या कथेला चार हात. गुरुजींचा एक, आणि मुखेडहून एसटीनं येणाऱ्या अंगणवाडीताईंचा एक. माझा हात मांडीवर जड झाला होता. एवढं तोडून बोलल्यावर मी हात वर केला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं की कथा कुणाची. खिचडीला हात मोजले. चार झाले. गुरुजी माझ्याकडं बघत होते. मी हात वर केला.

पाच-चार. खिचडी जिंकली. ती अंगणवाडीताईंची निघाली, आणि त्या बाईनं स्वतःला सोडून मला मत दिलेलं. पुडीवाली कोण म्हणून विचारलं तेव्हा मी बोट वर केलं, आणि सगळ्यात आधी गुरुजी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच दिलं. वाटलं, ओतावं डोक्यावर.

घरी येऊन अप्पांना फोन लावला. “जेवण झालं का?” एवढं विचारून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला. हवापाण्याचं बोलले आणि ठेवला. लाखो पोळ्या लाटलेली बाई मी, पण ‘अप्पा, येऊ नका’ हे तीन शब्द तोंडातून निघेनात. त्यात अंगणवाडीताई म्हणाल्या, “ताई, मला माईकचं लई भ्या वाटतंय, तुमी संगं चला.” म्हणून गेले लातूरला.

सभागृहात पाऊल टाकलं तर पहिल्या ओळीत नवी टोपी! अप्पा. मेळावा अकराचा, हे नऊलाच येऊन बसलेले. आमच्या अप्पांची बस आयुष्यात कधी चुकलेली नाही, कारण ते सुटायच्या तासभर आधीच स्टँडवर असतात. मी जाऊन शेजारी बसले. बोलायचं धाडस होईना. अंगणवाडीताईंनी झकास वाचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या आणि मनापासून वाजवल्या. अप्पा दर कथेनंतर माझ्याकडं बघायचे. शेवटी आभार झाले. लोक उठले. अप्पा बसूनच.

“समद्यांचं झालं. तुझं कवा?”

सांगितलं. सगळं. माझाच हात वर गेला हेसुद्धा. लाज वाटली, रडू आलं, दोन्ही एकदम. अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि म्हणाले, “चल, बस हाय माझी.”

स्टँडवर अर्थातच तासभर आधी पोचलो. बाकावर बसलो. अप्पा समोर बघतच म्हणाले, “हाय का कागुद?”

होता. कुणी वाचणारं गैरहजर राहिलं तर, म्हणून पर्समध्ये ठेवलाच होता. खोटं कशाला बोलू. काढला आणि वाचायला लागले. आधी हळू, मग गाड्यांच्या आवाजामुळं मोठ्यानं. शेजारची भाजीची पाटीवाली बाई सरकून जवळ आली. शिरूरची बस लागली. माणसं चढली. कंडक्टर अप्पांच्या ओळखीचा, त्यानं दारातून हाक मारली, “अप्पा, चला, निघाली गाडी.”

अप्पांनी हातानंच त्याला जा म्हटलं. “जाऊ दे. पोरगी वाचून राहिली.”

बस गेली. अक्षरं दिसत नव्हती तरी मी वाचत राहिले. बाप रडत गावभर फिरला, कथा संपली. पाटीवालीनं पदर डोळ्याला लावला. अप्पा मात्र वैतागले.

“दुपारचं दुकान सोडून हिंडला? मग गल्ल्यावर कोन बसलं?”

गुरुजींना ऐकवलेलं माझंच वाक्य!

“आन् जिऱ्याची न्हवती ती. ओव्याची पुडी होती. मास्तरच्या घरी गेली होती. दुकान बंद करून रातच्याला गेलतो मी मागायला. रडत-बिडत न्हाई. मास्तरीण म्हणली, चुलीत घातली.” मग गाड्यांकडं बघत म्हणाले, “तुला काय सांगायचं, मग? कागुद त्यो कागुदच म्हणलं.”

अप्पांनी खिशातून दुकानाचं जुनं पेन काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

“पुढली बस तासानं हाय. त्ये खोड, आन् परत वाच.”