वेल्डिंगला नाही म्हणणारी वेल्डरची बायको

ग्रुपवरच्या मंडळींनो, घरी येऊन दोन तास झाले, पण अजून धडधडतंय.

आज दुपारी बायकोला घेऊन शहापूरहून मुरबाडला निघालो होतो. किन्हवलीच्या पुढे माझ्या जुन्या मोटारसायकलचा, इंजिन धरून ठेवणारा फ्रेमचा ब्रॅकेट खाडकन तुटला. गाडी ढकलत एका वेल्डिंगच्या दुकानात नेली. तिथे एक बाई काम करत होत्या.

"ताई, पटकन दोन टाके मारा."

"आधी पेट्रोलच्या नळीला हात लावा, भाऊ."

बोटं ओली झाली! तुटलेल्या तुकड्यानं नळी कापली होती. एक ठिणगी पुरली असती.

"टाकी भरलेली हाय. आज वेल्डिंग नाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी नळी बदलली. मग जाड लोखंडी पट्टीला भोकं पाडून ती तुटलेल्या ब्रॅकेटवर नट-बोल्टनं आवळली.

"हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

त्यांनी आत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती.

"यांनीच. त्या दिवशी यांनी नळी बघितली नव्हती."

निघताना मी वाकून नवी नळी पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहिली.

खरं सांगा, वेल्डिंगआधी तुमच्यापैकी किती जण नळी बघतात? मी आजवर एकदाही बघितली नव्हती.