आम्हाला सिंह दिसला नाही

माझ्या सासऱ्यांची आयुष्यात एकच हौस, आणि ती काही केल्या पुरी होत नव्हती. वाघ, सिंह, बिबट्या, जे काही मोठं मांजर असेल ते डोळ्यांनी पाहायचं. ताडोबा झालं, पेंच झालं, नागझिरा झालं. गीरलाही जाऊन आले. गीरला जाऊन सिंह न दिसणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं, पण बाबांनी तेही करून दाखवलं. त्यांच्या जीपला दिसायचे ते मोर, सांबरं आणि पंजाचे ठसे. मागून येणाऱ्या जीपला नेमका वाघ.

बिबट्याने तर कमालच केली. तो थेट पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, बाबांच्या स्कूटरला हुंगून गेला आणि सगळं कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालं. त्या रात्री बाबा नाशिकला लग्नाला गेले होते. परत आल्यावर ते आठवडाभर बाल्कनीत बसून राहिले, तर बिबट्या फिरकलाच नाही. शेवटी वॉचमन त्यांना म्हणाला, "काका, तुम्ही इथेच राहा. तुम्ही असलात की काही भीती नाही बघा."

ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक सणाला कोणीतरी सांगतंच, आणि बाबाही सगळ्यांबरोबर हसतात. पण गेल्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले, तेव्हा त्यांचं ते हसणं खरं नाही, अशी माझ्या मनात पाल चुकचुकली. मी इथल्या विद्यापीठात संशोधन करते, नवरा मोटारींच्या कामात, आणि आमची सात वर्षांची लेक मराठी सगळं समजून उत्तर जर्मनमध्ये देते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबल्या होत्या, त्यामुळे बाबा एकटे आलेले. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी त्यांच्या फोनवर एक फोटो आला आणि त्यांनी जेवताना पोळी दुसऱ्यांदा घेतली नाही.

फोटो ताडोबाचा होता. त्यांचे सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे मित्र उघड्या जीपमध्ये बसलेले, आणि मागे रस्त्यात ऐसपैस वाघीण, बछड्यांसकट.

"तुम्ही इथे आहात म्हणून तुमच्याशिवाय गेले असतील हो बाबा," मी म्हटलं.

"बुकिंग जानेवारीतलं आहे," बाबा म्हणाले. "तेव्हा मी तिथेच होतो. त्यांचंही बरोबर आहे गं. एवढे पैसे घालवायचे आणि बरोबर माझ्यासारखा पांढऱ्या पायाचा माणूस न्यायचा. मीही नसता नेला."

हे ते हसत म्हणाले नाहीत, आणि मला त्या मित्रांचा असा संताप आला की विचारू नका. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "शनिवारी आपण सिंह बघायला जायचं." उत्तरेला तासाभराच्या अंतरावर एक मोठं सफारी पार्क आहे. तिथे आपली गाडी घेऊन थेट सिंहांच्या कुरणात शिरता येतं. नवरा मला स्वयंपाकघरात म्हणाला, "आणि तिथेही नाही दिसला तर?" मी म्हटलं, "कुंपणातला सिंह जाणार कुठे!"

शनिवारी बाबांनी आम्हाला अंधारात उठवलं. पार्क दहाला उघडतं, हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. अंगावर खाकी शर्ट, खाकी पँट, डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. "सेंट कोणी लावायचं नाही. पिशवी कुरकुर वाजणारी नको. आणि जनावराचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, नाव घेतलं की दिसत नाही." आमच्या लेकीने विचारलं, जर्मनमध्ये घेतलं तर? बाबांनी गंभीरपणे विचार केला आणि परवानगी दिली. मग काय, पोरगी मागच्या सीटवरून हायवेभर "लोव्हं! लोव्हं!" ओरडत होती आणि आम्ही तिघं शहाण्यासारखे 'ते' आणि 'त्याला' म्हणत होतो.

पार्किंगमध्ये आमचीच गाडी पहिली. आम्ही डिकी उघडून तिखट-मिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, थर्मासमधला चहा प्यायलो. दहा वाजता फाटक उघडलं, तिकिटं झाली. दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या मारा, काचा फक्त बंद ठेवा, असं खिडकीतल्या बाईने सांगितलं. आणि तेवढ्यात बाबा दार उघडून खाली उतरले.

"तुम्ही तिघं जाऊन या. मी इथे बाकावर बसतो."

"बाबा, काहीतरीच काय!" नवरा म्हणाला.

"अरे, पोरीने कधीपासून ध्यास घेतलाय. माझ्यामुळे तिला दिसला नाही तर मला चालणार नाही. तिचं बघून होऊ दे, मग बघू." आणि लेकीच्या गालाला हात लावून ते खरंच चालायला लागले. मागे गाड्यांची रांग, जर्मन शिस्तीत वाट बघणारी. वाद घालायला वेळच नव्हता. खाकी टोपी बाकावर टेकलेली मी आरशात पाहिली आणि मला रडू यायला लागलं.

त्याच रडवेल्या तोंडाने मी सिंहांच्या कुरणात शिरले. एक फाटक, मग दुसरं फाटक, मग मोठं हिरवं माळरान. भुरभुर पाऊस होता. आम्ही बैलगाडीच्या वेगाने चाललो. डावीकडे गवत. उजवीकडे गवत. पुढे एक ओंडका, त्यावर कावळा. लेकीचं नाक काचेला चिकटलेलं. "वो झिंट डी?" तिने विचारलं, कुठे आहेत ते? कुठे असणार, पावसाला कंटाळून टेकाडापलीकडे झोपले असणार. आम्ही शेवटच्या फाटकापाशी आलो. बिबट्याच्या जाळीपाशीही थांबलो. शेपूट नाही की मिशी नाही.

लेकीचा ओठ बाहेर आला. आता भोकाड पसरणार, एवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे," मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्याला दिसला नाही!"

"हो ना," तो बिचारा कसनुसं बोलला.

"अरे, बाबा नाहीयेत गाडीत! बाबा नाहीयेत आणि तरी दिसला नाही!"

नवऱ्याने ब्रेक दाबला. माझ्याकडे बघितलं. आणि मग तो असा हसत सुटला की गाडी हलायला लागली. मीही सुटले. मागच्या गाडीतले आजी-आजोबा आमच्याकडे काळजीने बघत होते. लेक ओरडली, तुम्ही हसताय का? मी तिला डोळे पुसत पुसत सांगितलं की तिच्या आबांना वाटतं, ते आले की प्राणी पळून जातात. तिने क्षणभर विचार केला. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली, "आबांमुळे नाही!"

फेरी संपवून आम्ही फाटकाबाहेर आलो, आणि गाडी थांबायच्या आत तिने पट्टा सोडला. पावसात चिखल उडवत ती बाकाकडे धावली, दोन्ही हात वर करून, आणि एरवी जिच्या तोंडून मराठी काढायला लाच द्यावी लागते ती पोरगी शुद्ध मराठीत किंचाळत होती, "आबा! काहीच नाही दिसलं! काहीच नाही!" मागून आम्ही दोघं तसेच नाचत. तिकीटखिडकीतली बाई उभी राहून बघायला लागली. एवढा आनंद तिने सिंह दिसलेल्यांच्या तोंडावरही कधी पाहिला नसेल.

बाबांचा विश्वास बसेना. "माझं मन राखायला खोटं बोलताय."

नवऱ्याने कॅमेरा पुढे केला. बाबांनी चष्मा पुसला आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तसा एकेक फोटो बघितला. "गवत. गवत. हा ओंडका. हा कावळा. पुन्हा गवत. हे काय आहे?"

"वायपर," नवरा म्हणाला.

"म्हणजे खरंच नाही दिसला," बाबा म्हणाले, आणि त्यांचे खांदे सैल झाले. मग एकदम उठले. "चला, बसून काय राहिलात? ऊन पडतंय!"

दुसऱ्या फेरीला बाबा पुढे बसले. ऊन खरंच पडलं होतं, ओला रस्ता वाफाळत होता, आणि पहिल्याच वळणावर ते रस्त्यात पसरले होते. दोन सिंहिणी आणि एक भलामोठा आयाळवाला. सगळ्या गाड्या ठप्प. एक सिंहीण उठली, आळस देत आमच्याकडे आली आणि बाबांच्या काचेला खांदा घासत निघून गेली. काचेवर ओल्या केसांचा पट्टा उमटला. बाबांनी दुर्बीण उचलली, मग इतक्या जवळच्या जनावराला दुर्बीण कशाला, हे लक्षात येऊन त्यांना हसू फुटलं. ते हसू थांबेचना. आम्हीही हसलो. लेक त्यांच्या सीटला मागून मिठी मारून हसत होती, आणि आयाळवाल्याने आमच्याकडे बघून एवढी मोठी जांभई दिली की आम्ही आणखी हसलो. पार्कची पट्टेवाली जीप त्यांना हळूच बाजूला करायला आली, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. पुढे बिबट्याही बाहेर येऊन ओंडक्यावर पाय लोंबकळत पडला होता. बाबांनी त्याला चक्क नमस्कार केला.

जेवायला बसलो तर बाबांनी पुरी बाजूला ठेवून पुण्याला फोन लावला, त्याच टेकडीवरच्या मित्राला, स्पीकरवर. मला वाटलं, आता सिंहीण, काच, जांभई, सगळं साग्रसंगीत येणार. नवऱ्याने फोटोही तयार ठेवले होते.

"अरे, ऐक," बाबा म्हणाले. "आज सिंहांच्या पार्कात आलोय. पोरं आधी माझ्याशिवाय आत गेली. मी बाहेर बाकावर बसलेलो. त्यांना काही दिसलं नाही. मी नव्हतो, तरी नाही दिसलं. एक शेपूटसुद्धा नाही."

पलीकडून मित्र म्हणाला, "ऑक्टोबरात गेट उघडलं की ताडोबाला जातोय. येतोस का? एक जागा आहे."

बाबांनी फोन छातीशी धरला आणि जणू आम्हाला काही ऐकूच आलं नसेल, अशा आवाजात आम्हाला सांगितलं, "जागा आहे म्हणतोय."