गावरान टोमॅटोचं बी

आत्या गेल्यावर तिच्या गावरान टोमॅटोचं बी फक्त माझ्याकडे उरलं होतं. यंदा ते सगळं परसात पेरलं आणि बोटभर झालेली रोपं गोगलगायींनी फस्त केली. आत्याच दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

काल शेजारच्या वहिनींनी कुंपणापलीकडून हाक मारली. "अहो, मागच्या वर्षी तुम्ही दिलेल्या टोमॅटोंतला एक नासका निघाला, तो गुलाबाच्या कुंडीत टाकला होता. बघा तर!"

गुलाबाला रेलून टोमॅटोचं झाड उभं होतं. भोपळ्यासारखे कंगोरे असलेलं, तेच फळ! मी तिथेच पायरीवर टेकले.

"उपटून देऊ का?" वहिनींनी विचारलं.

"नको, तुमच्याकडेच राहू दे."

जपायचं म्हणजे आपल्याजवळ ठेवायचं, असंच मी समजत होते. वाचलं ते मात्र देऊन टाकलेलंच.