योहानशेजारची कबर

दारव्हा सोडलं ते छप्पन साली, यांना नागपूरला गिरणीत काम लागलं म्हणून. मोटार भरत होती. ईस्टर तोंडावर आलेला, त्यामुळे आई कबरस्तानातून तशीच स्टँडवर आली, हात चुन्यानं माखलेले. माझ्या पेटीवर तिची पांढरी बोटं उमटली. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे वं. अन् ऐक, माह्या मागं दोन्हीले चुना लावजो."

दोन्ही म्हणजे काय, ते गावी राहिलेल्यांना ठाऊक आहे. निघून गेलेल्यांच्या पोरांसाठी सांगते. माझा भाऊ योहान मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेला आणि तिकडेच राहिला. आमच्यात ईस्टरआधी जो तो आपल्या माणसांच्या कबरींना चुना लावतो. आईजवळ कबरच नव्हती. मग तिनं दगड मांडून एक रिकामी कबर केली आणि शेजारी तशीच दुसरी.

"हे कोणाची?" बाबांनी विचारलं होतं.

"आपल्या योहानच्या हातून जो मेला असन, त्याची. त्याची माय बी रडतच असन ना."

त्या दुसऱ्या कबरीकडे बाबा कधी फिरकले नाहीत.

नागपुरात भोंग्यावर उठणं, नळाची रांग, रेशन, स्टोव्ह. मी 'मले-तुले' बोलले की चाळीतल्या बाया हसायच्या, "आली दारव्हेवाली." हळूहळू जीभ वळली. मधे आई गेली. ईस्टरआधी मात्र मी चुना लावायला जायचीच.

पासष्टला पुन्हा लढाई झाली. आमच्या देवळात, चर्चमध्ये, आम्ही सगळ्यांनी विजय मागितला, मीही मागितला. पुढच्या ईस्टरला गेले, तर योहानशेजारची जागा सपाट. दगड कुंपणाशी टाकलेले.

"मीच काढले," बाबा म्हणाले. "लोकं विचारून राह्यले, दुश्मनाची कबर कायले जपता? म्हातारा माणूस मी, कोणाकोणाले समजावू, पोरी?"

मला राग आला नाही. प्रवासानं अंग मोडलं होतं, आणि लढायांच्या बातम्या ऐकून मनही थकलेलं. प्रभूनं वैऱ्यावर माया करायला सांगितलं, हे आम्ही रविवारच्या शाळेत घोकलं. आईनं कधी म्हणून दाखवलं नाही. ती दगड मांडायची.

योहानच्या कबरीला आणि आईच्या कबरीला चुना लावला. बाबा कडुलिंबाखाली बसून पाहत होते. बादलीत थोडा उरला, तो ओतायला मी उठले.

"सांडू नको," बाबा म्हणाले. कण्हत उठले, कुंपणाशी गेले आणि एक दगड उचलून आणला. "तुही माय इथंच मांडे ना?"

आता बाबाही नाहीत. चाळीत विचारतात, दारव्ह्याला तुमचं राहिलंय कोण? मी म्हणते, आई-बाबा आहेत मातीत, आणि दोन रिकाम्या कबरी आहेत. माझं घर तेवढंच. अजून मोटारीत चढवतं. गुडघ्यांनी साथ सोडली, की तुमच्यापैकी कोणीतरी जा. आणि दोन्हीला लावा.